सिंगापूरमधला एका दिवसाचा थांबा: पाठीवर सॅक घेऊन निघालेल्यांसाठी

मुंबईहून बाली, व्हिएतनाम किंवा ऑस्ट्रेलियाचं स्वस्त तिकीट शोधायला बसलं की एक पर्याय हमखास समोर येतो: सिंगापूरमध्ये बारा, सोळा, कधी वीस तासांचा थांबा. बहुतेक जण नाक मुरडून पुढे जातात. मी असे थांबे मुद्दाम शोधतो. शहर आटोपशीर आहे, विमानतळावरून मेट्रो थेट गावात जाते, रात्री एकट्याने फिरताना धाकधूक नसते आणि नळाचं पाणी बिनधास्त पिता येतं.

फक्त एक लक्षात ठेवा. हा थांबा रंगणार की फसणार, हे तिकीट काढतानाच ठरून गेलेलं असतं. म्हणून या लेखाचा निम्मा भाग कागदपत्रांचा आहे. कंटाळा आला तरी तो गाळू नका. मरीना बेचे फोटो कुठून काढायचे हे सांगणारे शेकडो भेटतील.

१. तिकीट एक आहे की दोन?

दोन्ही विमानं एकाच बुकिंगवर असतील तर चेक-इन केलेली बॅग साधारणपणे थेट शेवटच्या गावी जाते. तुम्ही फक्त पाठीवरची सॅक घेऊन उतरता. पण स्वस्तात जमवण्यासाठी मुंबई–सिंगापूर एका कंपनीचं आणि पुढचं दुसऱ्या कंपनीचं असं वेगवेगळं तिकीट घेतलं असेल, तर पहिली कंपनी बॅग सिंगापूरलाच उतरवते. ती पट्ट्यावरून घ्यायची तर इमिग्रेशन पार करून बाहेर यावं लागतं. आणि बाहेर यायचं तर व्हिसा लागतो.

फसगत होते ती इथेच. ‘मी तर फक्त ट्रान्झिटमध्ये आहे’ असं म्हणत माणूस मुंबईच्या काउंटरवर उभा राहतो आणि बॅगेचा प्रश्न निघाला की पुढचं सगळं अडतं. दोन तिकिटं असतील तर एकच साधा उपाय: सगळं सामान केबिनमध्ये मावेल एवढंच घ्या, किंवा व्हिसा काढाच. दुसरी गोष्ट म्हणजे दोन वेगळ्या तिकिटांत पहिलं विमान उशिरा पोचलं आणि दुसरं चुकलं, तर दुसरी कंपनी ते आपल्या अंगावर घेत नाही. थांबा लांब असला की ही काळजी आपोआप कमी होते.

२. व्हिसा: तीन शक्यता

भारतीय पासपोर्टवर सिंगापूर शहरात जायला व्हिसा लागतो. उतरल्यावर तिथे मिळत नाही.

*अ) विमानतळाच्या आतच राहणार असाल* तर व्हिसा नको. चांगी विमानतळाच्या ट्रान्झिट भागात वेळ बरा जातो. टर्मिनल ३ मध्ये फुलपाखरांची बाग आणि फुकट सिनेमा आहे, आडवं व्हायला आरामखुर्च्या आहेत. मात्र इंटरनेटवर सगळीकडे दिसणारा तो ४० मीटरचा इमारतीतला धबधबा ज्वेल नावाच्या मॉलमध्ये आहे, आणि ते ज्वेल इमिग्रेशनच्या बाहेर आहे. व्हिसा नसेल तर तिथे जाता येत नाही. टर्मिनलांमधली स्कायट्रेन ज्वेलच्या आतून जाते, तेवढं ओझरतं दर्शन होतं.

*आ) ९६ तासांची व्हिसामुक्त ट्रान्झिट सवलत.* अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, जर्मनी किंवा स्वित्झर्लंड यांपैकी एखाद्या देशाचा वैध व्हिसा किंवा दीर्घ मुदतीचा परवाना तुमच्याकडे असेल, आणि ९६ तासांच्या आत तिसऱ्या देशाकडे जाणारं पक्कं तिकीट असेल, तर सिंगापूरचा वेगळा व्हिसा न काढताही प्रवेश मिळू शकतो. ‘मिळू शकतो’ म्हणतोय, कारण शेवटचा निर्णय इमिग्रेशन अधिकाऱ्याचा. एकदाच वापरायच्या व्हिसाच्या अटी वेगळ्या आहेत आणि नियम अधूनमधून बदलतात. म्हणून सिंगापूर इमिग्रेशनच्या म्हणजे आयसीएच्या संकेतस्थळावरचं ते पान निघण्याच्या आठवड्यात वाचा आणि त्याची छापील प्रत जवळ ठेवा. आपल्याकडच्या चेक-इन काउंटरवर कधीकधी ही सवलत समजावून सांगावी लागते. तिथे वाद घालण्यापेक्षा कागद पुढे करणं बरं. शेंगेनबद्दल बरेच जण विचारतात: यादीत फक्त जर्मनी आणि स्वित्झर्लंड आहेत. फ्रान्सने किंवा इटलीने दिलेला शेंगेन व्हिसा चालत नाही.

*इ) नेहमीचा व्हिसा.* वरच्यातलं काही नसेल तर हाच रस्ता. अर्ज अधिकृत एजंटामार्फत करावा लागतो. सरकारी शुल्क ३० सिंगापूर डॉलर आहे आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. एजंटाची फी वरून. ही फी जागोजागी वेगळी असते, तेव्हा दोन-तीन ठिकाणी विचारा. पोचण्याच्या तारखेआधी ३० दिवसांच्या आत अर्ज करायचा असतो, म्हणून तीन महिने आधी धावपळ करून उपयोग नाही. पण शेवटच्या आठवड्यावरही ढकलू नका.

३. फाइलमध्ये काय हवं

- पासपोर्ट, किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला
- व्हिसाची छापील प्रत, किंवा ९६ तासांच्या सवलतीसाठी दुसऱ्या देशाचा मूळ व्हिसा
- पुढच्या विमानाचं पक्कं तिकीट
- पुढच्या देशाचा व्हिसा लागत असेल तर तोही. ‘इथून पुढे कुठे?’ या प्रश्नाला उत्तर तयार हवं.
- रात्र काढणार असाल तर हॉस्टेलचं बुकिंग
- व्हिसा अर्जासाठी: फॉर्म १४ए, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा ताजा फोटो (३५ × ४५ मिमी) आणि एजंट मागेल ते बँक स्टेटमेंट, नोकरीचं पत्र वगैरे

याशिवाय एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापूरच्या प्रवेशाचा फॉर्म. हे ऑनलाइन भरायचं, पोचण्याच्या दिवसासकट आधीच्या तीन दिवसांत. ते फुकट आहे. गुगलवर शोधलं की सरकारी दिसणारी पण पैसे मागणारी संकेतस्थळं वर येतात. पैशाचं पान उघडलं की समजा, चुकीच्या दारात आहात. आणि हे कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे, दोन्ही वेगवेगळे लागतात.

४. सॅकमधून काय काढून ठेवायचं

च्युइंग गमवरच्या बंदीचा किस्सा सगळ्यांना माहीत असतो. मराठी घरातून निघणाऱ्या सॅकमध्ये त्याहून अडचणीच्या गोष्टी असतात.

पहिली खसखस. सिंगापुरात ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते आणि परवानगीशिवाय नेता येत नाही. आता आठवा: अनारशांवर काय लावलेलं असतं? घरच्या मसाल्यात काय काय पडतं? ऑस्ट्रेलियातल्या भाच्यासाठी आईने दिलेला डबा सिंगापूरच्या कस्टममधून न्यायचा असेल तर आत काय आहे हे आधी विचारून घ्या. लाडू-चकलीला हरकत नाही, पण खसखस असलेलं घरीच ठेवा.

दुसरी तंबाखू. खायची तंबाखू, गुटखा यांवर बंदी आहे. खिशात विसरलेली पुडीसुद्धा नको. सिगारेटवर ड्युटी-फ्री सूट नाही, एकही पाकीट असलं तरी जाहीर करून कर भरावा लागतो. ई-सिगारेट पूर्ण बंद आणि अलीकडे त्याबाबत फारच कडक झालेत. अमली पदार्थांना तिथे फाशीपर्यंत शिक्षा आहे. दुसऱ्याचं पार्सल कुणीही दिलं तरी घेऊ नका.

झोपेच्या गोळ्या किंवा कोडीन असलेलं खोकल्याचं औषध नेत असाल तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा आणि परवानगी लागते का हे आधी पाहा.

भरायच्या गोष्टी थोड्या: चौकोनी तीन पिनांचा, म्हणजे ब्रिटिश पद्धतीचा अ‍ॅडॉप्टर (आपले गोल पिनांचे प्लग बसत नाहीत), घडीची छत्री, रिकामी पाण्याची बाटली, एक जादा टी-शर्ट. विषुववृत्त जेमतेम दीड अंशावर आहे. बारा महिने मे महिन्यातल्या मुंबईसारखा घाम निघतो, आणि मॉलमध्ये शिरलं की थंडीने कुडकुडायला होतं.

५. हातात खरोखर किती तास आहेत

तिकिटावर लिहिलेला थांबा म्हणजे फिरायचा वेळ नव्हे. उतरून बाहेर पडायला तास, गावात जायला पाऊण तास, परतायला तेवढाच, आणि विमानाच्या अडीच-तीन तास आधी विमानतळावर. म्हणजे पाच-साडेपाच तास असेच वजा.

माझा हिशेब असा. आठ तासांपेक्षा कमी थांबा असेल तर गावात जाऊ नका. व्हिसा असेल तर ज्वेल बघा, खा, परत आत जा. आठ ते बारा तासांत एक भाग निवांत होतो. बारा-सोळा तासांत खाली दिलेली पूर्ण फेरी होते. साडेपाच ते चोवीस तासांचा थांबा असणाऱ्यांसाठी विमानतळातर्फे मोफत शहरफेरीही असते. आधी नोंदणी करायची, आणि व्हिसा तिथेही लागतोच.

घड्याळ अडीच तास पुढे करा. सूर्य वर्षभर सकाळी सातच्या आसपास उगवतो आणि संध्याकाळी सातच्या आसपास मावळतो. पहाटे साडेपाचला उतरून फोटो काढायचा बेत असेल तर दीड तास अंधार असतो.

६. उतरल्यावर

इमिग्रेशन बहुतेक यंत्रावरच होतं. पासपोर्टवर शिक्का पडत नाही, ई-पास ईमेलवर येतो. शिक्का नाही म्हणून घाबरून परत रांगेत जाऊ नका. अरायव्हल कार्ड भरताना ईमेल बरोबर टाका म्हणजे झालं.

मोठी बॅग असेल तर टर्मिनलवरच्या सामान ठेवायच्या केंद्रात द्या. पैसे लागतात, पण पंधरा किलो पाठीवर घेऊन या उकाड्यात चालणं म्हणजे थांब्याचा सत्यानाश.

मेट्रो, म्हणजे एमआरटी, टर्मिनल २ आणि ३ च्या खाली आहे. टर्मिनल १ वरून ज्वेलमधून चालत किंवा स्कायट्रेनने या, ४ वरून मोफत शटल बस आहे. कार्ड वेगळं घ्यायची गरज नाही: स्पर्शाने चालणारं व्हिसा किंवा मास्टरकार्ड गेटवर टेकवा आणि उतरताना तेच कार्ड पुन्हा टेकवा. परदेशी कार्डावर दिवसाला ६० सेंटचा आकार बसतो, तो सोसा. दोघे असाल तर दोन वेगवेगळी कार्डं लागतील. तुमच्या बँकेने आंतरराष्ट्रीय वापर बंद ठेवलेला असतो, तो निघण्याआधी अ‍ॅपमधून चालू करा. गेटवर कार्ड नाकारलं जाण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच.

विमानतळाची गाडी छोट्या फाट्यावर चालते. तानाह मेराहला उतरून हिरव्या ईस्ट-वेस्ट लाइनची शहराकडे जाणारी गाडी पकडा आणि बुगिसला उतरा. सरकत्या जिन्यावर डावीकडे उभं राहायचं, उजवी बाजू चालणाऱ्यांसाठी. गाडीत खाणं-पिणं नाही, पाण्याचा घोटही नाही. दंड ५०० डॉलरपर्यंत आहे. मध्यरात्र ते पहाट गाड्या बंद असतात, तेव्हा टॅक्सी किंवा ग्रॅब (अ‍ॅपवरून बोलवायची गाडी).

७. कुठे फिरायचं

सेंटोसा, प्राणिसंग्रहालय, युनिव्हर्सल वगैरे विसरा. ते मुक्कामाला येणाऱ्यांचं काम. एका दिवसात एक सलग पट्टा चालून होतो आणि त्यात जवळपास काहीच तिकीट लागत नाही.

लिटल इंडिया. बुगिसहून निळ्या डाउनटाउन लाइनने दुसरं स्टेशन. ‘भारतातून येऊन भारतच काय बघायचा?’ असं वाटेल, पण हा तमिळ भाग आहे, आणि शाकाहारी माणसासाठी पोटाची सोयही. सेरंगून रोडवर वीरमाकाळीअम्मनचं देऊळ, मागच्या गल्लीत तान तेंग नियाचं भडक रंगांचं जुनं चिनी घर. रविवारी दुपारनंतर इथे बांधकामावरचे कामगार सुट्टी घालवायला जमतात, पाऊल ठेवायला जागा नसते. गर्दी नको असेल तर रविवार टाळा.

कांपोंग ग्लाम. तिथून वीसेक मिनिटं चालत. सुलतान मशिदीचा सोनेरी घुमट लांबून दिसतो. जवळ गेल्यावर घुमटाच्या तळाशी असलेला काळसर पट्टा नीट बघा: ती काचेच्या बाटल्यांची बुडं आहेत, ओळीने बसवलेली. बांधकामाच्या वेळी गरिबांनाही हातभार लावता यावा म्हणून त्यांच्याकडून या बाटल्या घेतल्या होत्या. आत जायचं तर खांदे-गुडघे झाकलेले हवेत. शेजारची हाजी लेन गल्ली फोटोंसाठी प्रसिद्ध आहे. मला दहा मिनिटं पुरतात.

एस्प्लनेड पार्क. बुगिसहून एक स्टेशन पुढे सिटी हॉल, तिथून चालत. इथे सहसा कोणी पर्यटक थांबत नाही, पण आपण थांबावं. आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची जागा इथे आहे. सुभाषबाबूंनी जुलै १९४५ मध्ये पायाभरणी केली, युद्ध संपताच परतलेल्या ब्रिटिशांनी ते स्मारक पाडलं, आणि १९९५ मध्ये त्या जागी एक खूणफलक उभारला गेला. ‘इत्तेफाक, इतमाद, कुर्बानी’ हे सेनेचं ब्रीद. आझाद हिंद सरकारची घोषणाही याच शहरात झाली, २१ ऑक्टोबर १९४३ ला कॅथे इमारतीत, आणि झाशीच्या राणीच्या नावाची स्त्रियांची पलटणही इथेच उभी राहिली. मोरोपंत तांब्यांच्या लेकीचं नाव इतक्या लांब येऊन पोचलं होतं. फलक छोटा आहे, शोधावा लागतो.

मरीना बे. पुढे पाणवठ्याच्या कडेने मरलायनपर्यंत (सिंहाचं तोंड आणि माशाचं धड असलेला पुतळा) जा, मग खाडीला वळसा घालून गार्डन्स बाय द बेकडे. इथे सूर्यास्ताच्या सुमारास पोचायचं गणित ठेवा. सुपरट्री म्हणजे २५ ते ५० मीटर उंचीची ती लोखंडी झाडं. त्यांच्याखाली रोज संध्याकाळी ७.४५ आणि ८.४५ ला दिवे-संगीताचा खेळ होतो, फुकट. खुर्ची शोधू नका. खाली जमिनीवर सरळ पाठ टेकून आडवे व्हा, सगळे तेच करतात. काचेच्या दोन मोठ्या हरितगृहांना तिकीट आहे आणि त्यांना दोन तास लागतात. थांबा सोळा तासांहून मोठा असेल तरच त्यांच्या वाटेला जा.

८. पोटोबा

हॉकर सेंटर हाच बॅकपॅकरचा आधार. एका छपराखाली पन्नास-शंभर टपऱ्या, चार ते सात डॉलरमध्ये पोटभर. डॉलरचा भाव सत्तर रुपयांच्या आसपास धरा. एसी रेस्टॉरंटच्या मेनूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं (++) दिसली तर त्यावर १० टक्के सेवा आकार आणि ९ टक्के जीएसटी लागणार. हॉकर सेंटरमध्ये ही भानगड नाही, टिप कुठेच नाही. काही टपऱ्या कार्ड घेत नाहीत, म्हणून तीस-चाळीस डॉलर रोख ठेवा.

लिटल इंडियातलं टेक्का सेंटर पहिल्यांदा जाणाऱ्याला सोपं पडतं. खाली डोसा, बिर्याणी, मलय, चिनी सगळं. एखाद्या रिकाम्या टेबलावर टिश्यू पेपरचं पाकीट ठेवलेलं दिसेल. कोणी विसरलेलं नाही, जागा धरलेली आहे. आपल्या एसटीतला रुमालच. तुम्हीही तसंच करा आणि मग रांगेत जा. टपरीवाल्यांना ‘अंकल’, ‘आंटी’ म्हणतात. जेवण झालं की ट्रे स्वतः उचलून ठेवायचा. २०२१ पासून ती सक्ती आहे.

शाकाहारींनी नीट वाचा. ‘व्हेजिटेबल’ लिहिलेल्या भाजीत ऑयस्टर सॉस असू शकतो, मलय चटणीत कोळंबीची पेस्ट असते, लाक्सा नावाच्या नूडल्सच्या रश्शात सुकी कोळंबी, आणि काया टोस्टवरच्या त्या नारळाच्या जॅममध्ये अंडं. ‘नो मीट’ म्हटल्याने मासळी सुटत नाही. ‘व्हेजिटेरियन’ अशी पाटी असलेल्या चिनी बौद्ध टपऱ्या खात्रीच्या. नाहीतर सेरंगून रोडवरचं १९४७ पासूनचं कोमला विलास, केळीच्या पानावर जेवण.

कॉफी घ्याच. काका लांब कापडी गाळणीतून काळीभोर कॉफी उंचावरून ओततात, खाली कपात घट्ट गोड दूध वाट बघत असतं. नुसतं ‘कोपी’ म्हटलं तर हे मिळतं. ‘कोपी-ओ’ म्हणजे बिनदुधाची पण साखर घातलेली, ‘कोसोंग’ जोडलं तर साखरही नाही. चहाला ‘ते’.

९. रात्र काढायची असेल तर

हॉस्टेलं लिटल इंडिया, लॅव्हेंडर, कांपोंग ग्लाम आणि चायनाटाउनात आहेत. सामायिक खोलीतला एक पलंग साधारण तीस ते पन्नास डॉलरला पडतो. चेक-इन बहुधा दुपारी दोन-तीनला असतं. सकाळी पोचणाऱ्यांनी सामान आधी ठेवून देतील का आणि अंघोळीची सोय आहे का हे बुकिंगआधीच विचारावं. खिडकी नसलेल्या खोल्या असतात, त्यांचा उल्लेख बारीक अक्षरात असतो.

पहाटेचं विमान असेल तर पलंगाचे पैसे फुकट घालवू नका. रात्री अकराच्या आत विमानतळावर परता. चेक-इन उघडलं असेल तर इमिग्रेशनपलीकडे जाऊन आरामखुर्ची गाठा. चांगल्या जागा लवकर भरतात, आणि आत एसी कडक असतो.

रात्री साडेदहानंतर सार्वजनिक जागी दारू पिता येत नाही, दुकानात विकतही मिळत नाही. लिटल इंडियात तर शनिवार-रविवार रस्त्यावर पिण्यावर दिवसाही बंदी आहे.

१०. परत निघताना

गार्डन्समधून निघालात तर बेफ्रंट स्टेशनवरून एक्स्पोच्या दिशेची डाउनटाउन लाइन घ्या, एक्स्पोला गाडी बदला, पुढचं स्टेशन चांगी. बदल एकच आहे, पण फलाटावर दिशा तपासा. उलट गाडीत बसलात तर पुन्हा लिटल इंडियात पोचाल. ८.४५ च्या खेळानंतर सगळी गर्दी एकदम स्टेशनवर उतरते, तेव्हा ७.४५ चा खेळ बघून निघणं शहाणपणाचं.

टर्मिनल क्रमांक तिकिटावर पुन्हा पाहा. उतरलात त्याच टर्मिनलवरून पुढचं विमान असेल असं नाही, आणि ४ गाठायला शटलची वाट बघावी लागते. टर्मिनल १, २, ३ मध्ये सुरक्षा तपासणी थेट गेटवर होते, म्हणून गेटवर जरा लवकर जा आणि पाण्याची बाटली तिथे पोचेपर्यंत संपवा. उरलेली नाणी भारतात कोणी बदलून देत नाही. एक कोपी घ्या आणि संपवून टाका.